आधी पत्रा, मग इंजिन : गंजलेली जुनी गाडी घरी उभी करताना

जुनी गाडी घरी उभी करायची म्हटले की पहिली चौकशी इंजिनाची होते. फिरते का, जाम झाले आहे का, पिस्टन-रिंगा मिळतील का? इंजिन हा सुटणारा प्रश्न आहे. बिडाचा तो जाड ठोकळा सहसा गंजून संपत नाही. तो उघडता येतो, मोजता येतो, बोअर करता येतो आणि अगदीच कामातून गेला तर त्याच जातीचा दुसरा शोधता येतो. गाडी मरते ती पत्र्याने. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा पत्रा आतून कुजत जातो, वरून रंग शाबूत दिसतो आणि दरवाजा नीट बसेनासा होतो तेव्हा कळते, की खालचा आधारच उरलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीसारख्या ठिकाणी, मोठ्या शहरातल्या वर्कशॉपशिवाय, एखादी जुनी स्पोर्ट्स गाडी किंवा तिच्या जवळपासची उघडी गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येते का, या प्रश्नाचा हा आढावा आहे. माझे उत्तर होय असे आहे. पण गाडी कोणती निवडली, यावर ते जवळजवळ पूर्णपणे अवलंबून आहे.

गंज म्हणजे काय, हे या भागात वेगळे समजवावे लागू नये. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरातून निघते ते खनिज हेमॅटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचे संयुग. भट्टीत त्यातला ऑक्सिजन काढून टाकला की लोखंड मिळते. ओल आणि हवा मिळाली की हेच लोखंड ऑक्सिजन परत घेते, सोबत पाणीही धरते आणि पुन्हा मातीच्या रंगाचे होते. हा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की सांधा आतून फुगतो, टाके तुटतात, रंगाला फोड येतो. रंगावर बोटाच्या टोकाएवढा फोड दिसला तर आत तळहाताएवढे काम निघेल असे धरून चालावे.

हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगाने धरतो. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला तेराशे ते पंधराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. या चार महिन्यांत कौलारू पडवीत उभी असलेली गाडीसुद्धा सतत ओलीच असते. तरीही आपला भाग कोकणापेक्षा बरा. समुद्राच्या हवेतले मीठ लोखंडाला पावसापेक्षा जास्त खाते. थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि तिथल्या गाड्या खालून सडतात. आपल्याकडे ते नाही. विदर्भात कोरड्या जागी वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी बघायला भयानक दिसते, पण तिचा सांगाडा मुंबईच्या चकचकीत गाडीपेक्षा चांगला निघू शकतो. वरच्या तांबूस रंगाला घाबरू नये. खड्डे पडले आहेत का, पत्रा आरपार गेला आहे का, ते पाहावे.

बघण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. चाकांच्या कमानींची आतली बाजू, दरवाजांचा तळ, दरवाजाखालून जाणारी पोकळ पेटी जिला मेकॅनिक सिल म्हणतात, पायाखालचा फ्लोअर, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, डिकीचा तळ. सोबत एक लहान चुंबक आणि एक जुना स्क्रू-ड्रायव्हर असावा. चुंबक जिथे पकडत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर जिथे कुरकुर आवाज येतो, तिथला पत्रा संपला. विकणाऱ्याला हे आवडणार नाही, पण हे न करता पैसे देऊ नयेत. नुकताच रंग दिलेली जुनी गाडी ही सर्वांत संशयास्पद. गंजलेली, उघडी, खरे रूप दाखवणारी गाडी त्याहून चांगली, कारण तिथे निदान काय घेतो आहोत ते दिसते.

आता निवडीकडे येऊ. गाड्यांचे दोन मोठे वर्ग आहेत. एका वर्गात खाली शिडीसारखी किंवा पेटीसारखी स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली असते. दुसऱ्या वर्गात चासी वेगळी नसते, बॉडीचा पत्राच सगळा भार वाहतो. याला मोनोकॉक म्हणतात. घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात बॉडी उतरवून बाजूला ठेवता येते, चासी सरळ आहे का ते दोरी लावून, कर्ण मोजून तपासता येते, पत्रा सावकाश दुरुस्त करता येतो. दुसऱ्या प्रकारात चुकीच्या जागी कापले तर गाडीच वाकते.

उघड्या स्पोर्ट्स गाडीत ही अडचण आणखी वाढते. तिला छप्पर नसते, म्हणून छपराने वाहायचा भारही खालच्या सिलवर येतो. एमजीबी ही ब्रिटिश गाडी १९६२ ते १९८० या काळात बनली. तिची बॉडी मोनोकॉक आणि ताकद सिलमध्ये. ती दुरुस्त करणारे लोक सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी अँगलचा आडवा आधार वेल्ड करतात, एका वेळी एकाच बाजूचे काम करतात आणि प्रत्येक टप्प्यावर दरवाजा लावून बघतात. आधार न देता कापले की गाडी मध्ये खचते आणि मग दरवाजा कधीच बसत नाही. ब्रिटनमध्ये ही अडचण इतकी सार्वत्रिक झाली, की १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीने मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवून विकायला सुरुवात केली. तिथला हौशी माणूस कुजलेली बॉडी टाकून नवी मागवू शकतो. आपल्याकडे तो रस्ता नाही. आपल्याकडे तुकडा तुकडा हाताने ठोकून घडवावा लागतो, म्हणूनच कमी कापावे लागेल अशी गाडी निवडणे भाग आहे.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक बंधने आली आणि परदेशी स्पोर्ट्स गाड्या भारतात मोजक्याच राहिल्या. ज्या आहेत त्या बहुतेक मुंबई, दिल्ली, कोलकाता इथल्या संग्रहांत किंवा जुन्या संस्थानिकांच्या घरी. तेव्हा देशी वंशावळीतली जवळची गाडी शोधावी लागते. ती माझ्या मते स्टँडर्ड हेराल्ड. मूळ ट्रायम्फ हेराल्ड १९५९ ची, रचना इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांची. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सने ती १९६१ पासून भारतात बनवली. ट्रायम्फला तेव्हा अख्खी बॉडी बनवून देणारा कारखाना हाताशी राहिला नव्हता, म्हणून कंपनीने बॉडीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या ठिकाणी बनवून ते एकमेकांना आणि स्वतंत्र चासीला बोल्टने जोडायची पद्धत घेतली. कंपनीची ती अडचण आज आपल्या उपयोगी पडते. हेराल्डचे पुढचे बॉनेट मडगार्डांसकट एकसंध वर उचलले जाते, इंजिन दोन्ही बाजूंनी मोकळे मिळते, बॉडीचे भाग पान्याने सुटतात. ट्रायम्फची स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स गाडीही त्याच चासीच्या आधारावर १९६२ मध्ये आली. म्हणजे हेराल्डवर काम करणारा माणूस एका खऱ्या स्पोर्ट्स गाडीच्या सख्ख्या बहिणीवरच काम करत असतो.

या जंगलभागात मात्र जुनी गाडी म्हणजे बहुधा जीप. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी हे मॉडेल देशात घट्ट रुजले. जंगलखाते, पोलीस, ठेकेदार, जमीनदार, सगळ्यांकडे ती पोचली. तिला कोणी स्पोर्ट्स गाडी म्हणणार नाही, पण घरी शिकण्यासाठी तिच्याइतकी चांगली शाळा नाही. शिडीची चासी, वर सपाट पत्र्याची बॉडी, चार सिलिंडरचे साधे पेट्रोल इंजिन. सपाट पत्रा गावातला कोणताही चांगला वेल्डर कापून वाकवून देतो. हेराल्डच्या किंवा एमजीच्या मडगार्डाला दोन्ही दिशांनी गोलाई असते, ती कागदावर उलगडत नाही. ती ठोकूनच येते. पहिली गाडी जीप आणि दुसरी गोलाईची, हा क्रम मला योग्य वाटतो.

प्रीमियर पद्मिनीचा मोह अनेकांना होतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती, सुटे भाग अजून मिळतात, १०८९ सीसीचे इंजिन ओळखणारे मेकॅनिक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पण ती मोनोकॉक आहे. सिल आणि फ्लोअर शाबूत असेल तरच घ्यावी. फायबरग्लासच्या गाड्यांचा एक वेगळा लहान वर्ग आहे. अलिबागजवळ कार्लेखिंडीतल्या चिंकारा मोटर्सने कॉन्टेसाचे इसुझू इंजिन घालून जुन्या लोटसच्या धर्तीवर रोडस्टर बनवली. बंगळूरच्या सॅन मोटर्सने रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन घालून सॅन स्टॉर्म ही दोन आसनी उघडी गाडी काढली. यांची बॉडी गंजत नाही, हे खरे. पण फायबरच्या खाली लोखंडी सांगाडा असतोच, आणि वरून काहीच दिसत नसल्याने तो नीट तपासायला माणूस विसरतो.

पत्र्याचे काम हा या सगळ्याचा गाभा आहे आणि त्यात अहेरीसारखे गाव वाटते तितके मागे नाही. गॅस वेल्डिंगचा मिस्त्री, डेंटिंगवाला, लोहार, ट्रकची बॉडी बांधणारा सुतार, आयटीआयमधून बाहेर पडलेला तरुण फिटर, ही माणसे तालुक्याच्या ठिकाणी असतात. त्यांना जुन्या गाडीचे वेगळे नियम सांगावे लागतात, एवढेच. साधे आर्क वेल्डिंग पातळ पत्रा जाळते, ते चासीसाठी ठेवावे. गॅसने पत्रा जोडला जातो, पण उष्णता पसरून तो लाटा घेतो. ज्याला आपल्याकडे सीओटू वेल्डिंग म्हणतात ते यंत्र घरच्या कामाला सर्वांत योग्य, तेही एक टाका इथे, एक टाका तिथे, मध्ये थंड होऊ देत. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून वरून टाके मारणे ही सर्वत्र दिसणारी पद्धत अत्यंत वाईट आहे. दोन थरांमध्ये पाणी अडकते आणि काही पावसाळ्यांत नवा पत्राही जातो. कुजलेले चांगल्या धातूपर्यंत कापून काढावे, त्याच मापाचा तुकडा कडेला कड लावून जोडावा आणि पोकळ पेट्यांच्या आत मेणाचे किंवा तेलाचे संरक्षण फवारावे. बॉडीसाठी साधारण वीस गेजचा पत्रा, फ्लोअर आणि सिलसाठी अठरा गेजचा, हे माप बहुतेक जुन्या गाड्यांना चालते.

जुन्या कारखान्यांत सांधे भरायला पुट्टी नव्हती. कथील आणि शिशाचा मिश्रधातू वितळवून लाकडी फळीने सारवत. त्यासाठी आधी पत्र्याला कथलाचा पातळ लेप द्यावा लागतो, नाहीतर मिश्रधातू धरत नाही. भांड्यांना कल्हई करणारा कारागीर नेमके हेच करतो. भांडे स्वच्छ घासायचे, तापवायचे, नवसागर टाकून कथील फिरवायचे. आपल्याकडे ही कारागिरी विझत चालली आहे, याचे मला फार वाईट वाटते. अशी माणसे भेटतील तिथे त्यांच्याकडून धातू तापवण्याचा हात शिकून घ्यावा. शिशाचा धूर मात्र विषारी आहे. हे काम उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून, घरातली मुले दूर ठेवून करावे. जुना रंग घासतानाही हीच काळजी घ्यावी, कारण त्यात शिसे असते. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असते, त्याची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग लावू नये, ती कितीही वर्षे रिकामी असो. आतल्या वाफेने टाकी फुटते आणि माणूस जातो.

गंज काढायचे मार्ग बरेच आहेत. मोठ्या भागांसाठी वाळूचा मारा, पण पातळ पत्र्यावर जोरात केला तर पत्रा ताणला जातो. लहान भागांसाठी विजेची पद्धत उत्तम. प्लास्टिकच्या टाकीत पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक एखाद्या निकामी साध्या लोखंडाच्या तुकड्याला. गंज सुटतो, चांगला धातू झिजत नाही. या कामात हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून बंद खोलीत करू नये, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. स्प्रिंगा आणि कठीण पोलादाचे भाग आम्लात किंवा या टाकीत घालू नयेत. हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतात.

दुकानात मिळणारे काळे रस्ट कन्व्हर्टर बहुतेक दोन गोष्टींवर चालतात, फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल. टॅनिन गंजाला धरून काळा, पाण्यात न विरघळणारा थर बनवते. आपल्या जंगलातला हिरडा टॅनिनने भरलेला असतो. त्यापासून शाई आणि रंग करत, कातडी कमावत. हिरड्याच्या काढ्यात बुडवलेला खिळा काळा पडतो तीच ही क्रिया. दुकानातल्या द्रवात मात्र थर घट्ट बसवणारे रसायनही असते, म्हणून घरचा काढा लहान भागांवर करून बघण्यापुरता ठीक, गाडीच्या बॉडीसाठी तयार माल घ्यावा.

कामाचे वेळापत्रक ऋतूंनी ठरते, आणि ते चुकवले तर मेहनत वाया जाते. पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो. त्या महिन्यांत इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, गादीकाम अशी छपराखालची कामे घ्यावीत. पत्रा उघडणे, कापणे, जोडणे दिवाळीनंतर, आणि स्वच्छ केलेल्या भागावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. रंग डिसेंबर ते फेब्रुवारी. दमट हवेत जुन्या पद्धतीचा एनसी रंग मारला तर तो पांढुरका पडतो. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा फवारा पत्र्यावर पोचण्याआधीच थिनर उडतो आणि रंग खरखरीत बसतो. आजचे दोन घटकांचे पीयू रंग सुंदर दिसतात, पण त्यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, जे फुप्फुसाला कायमची इजा करू शकते. साधा कापडी मास्क त्याला चालत नाही. घराला लागून रंग मारायचा असेल तर माझा सल्ला आहे, की प्रायमरपर्यंतचे काम घरी करावे आणि शेवटचा रंग बूथ असलेल्या ठिकाणी द्यावा.

लाकडाची बाब या भागासाठी खास आहे. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या एमजी टी मालिकेच्या गाड्यांत पत्र्याखाली ॲश लाकडाची चौकट असते. ती कुजली की दरवाजे लोंबतात. ॲश आपल्याकडे मिळत नाही. भारतात अशा चौकटी सागाने पुन्हा बांधल्या जातात, आणि साग वाळवी व ओल सहन करण्यात ॲशपेक्षा सरस आहे. आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला आहे. बल्लारपूरच्या वन आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी याच पट्ट्यातला साग गेला. अहेरीच्या माणसाला ही गोष्ट दाराशी मिळते. लाकूड अधिकृत आगारातून पावतीसह घ्यावे, चांगले वाळलेले घ्यावे, आणि सागात नैसर्गिक तेल असल्याने गोंद लावण्याआधी सांधा थिनरने पुसावा, नाहीतर तो सुटतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. जाम इंजिन गाडी ओढून फिरवायचा प्रयत्न करू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल किंवा पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, मग पान्याने थोडे थोडे मागेपुढे हलवावे. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे काम घरी होत नाही. ते चंद्रपूर-नागपूरला जाते. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या नटबोल्टांची मापे आजच्या मिलिमीटरच्या पान्यांशी जुळत नाहीत, त्यामुळे पान्यांचा वेगळा संच आधी जमवावा.

इंधनाचा प्रश्न मात्र नवा आणि मोठा आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हा जुन्या इंजिनांच्या मऊ व्हॉल्व्ह सीट झिजू लागल्या. कठीण धातूच्या सीट बसवून त्यावर मार्ग निघाला. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. जुने रबरी पाइप, कार्बुरेटरचे डायफ्राम, गास्केट फुगतात किंवा चिरतात. क्वचित चालणाऱ्या गाडीला हे जास्त बाधते, कारण पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडून राहते. उपाय साधे आहेत: इथेनॉल सहन करणारे पाइप लावावेत, टाकी आतून साफ करून लेप द्यावा, गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करून ठेवावेत. आपण पत्रा वर्षभर खपून वाचवला आणि टाकी आतून गेली, असे होऊ नये.

ब्रेक, स्टीअरिंग आणि वायरिंग यांत जुनेपणाचा आग्रह नको. व्हील सिलिंडरला आतून खड्डे असतील तर नवी स्लीव्ह, सगळे होस नवे, वायरिंग पूर्ण नवे आणि फ्यूज मुळात होते त्यापेक्षा जास्त. गावाकडे उभ्या गाडीचे वायरिंग उंदीर कुरतडतात; वरून धड दिसणारी तारही आत तुटलेली असते.

सुट्या भागांसाठी अहेरीहून दोन दिशा आहेत. एक नेहमीची, चंद्रपूर, नागपूर आणि तिथून मुंबईचा कुर्ला व चोरबाजार. दुसरी प्राणहितेपलीकडची. अहेरीत तेलुगू समजणारी माणसे घरोघर आहेत, नदीवर पूल झाल्यापासून कागजनगर, मंचेरियाल जवळ आले आणि तिथून हैदराबादचा जुन्या सुट्या भागांचा बाजार. जो भाग कुठेच मिळत नाही तो बनवून घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आणि आसपासचे फाउंड्रीवाले नमुन्यावरून बिडाचे, ॲल्युमिनियमचे भाग ओतून देतात. म्हणून काढलेला कोणताही भाग, कितीही मोडका असो, फेकू नये.

कागदपत्रांच्या अडचणीने अनेकांची उमेद संपते. गाडी घेण्याआधी आरसी बुक, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक जुळतात का ते आरटीओत तपासावे. दुसऱ्या राज्यातून गाडी आणली तर तिथले ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गंजात चासी क्रमांकाची पट्टी नाहीशी झालेली गाडी कितीही स्वस्त मिळो, ती घेऊ नये. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. आणि गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे, दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. पन्नाशी न गाठलेल्या गाडीला नेहमीचे नूतनीकरण लागते. २०२२ पासून पंधरा वर्षांवरील कारचे हे शुल्क ५,००० रुपये झाले, २०२५ मध्ये वीस वर्षांवरील कारसाठी १०,००० रुपये. आयात केलेल्या चारचाकीला हेच आकडे ४०,००० आणि ८०,००० आहेत. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. परदेशी स्पोर्ट्स गाडीचे स्वप्न बघणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडावा.

जीपवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. रुंद टायर, बदललेली बॉडी, भलतेच इंजिन बसवलेली ‘मॉडिफाइड’ जीप दिसायला आकर्षक असते, पण तिच्या नोंदणीला कायम धोका असतो. मूळ रूपात परत आणलेली जीप कायद्याने सुरक्षित आहे, आणि माझ्या नजरेला सुंदरही तीच दिसते.

मूळ रूपात आणायचे म्हणजे कितपत, यावर जगभर वाद झाला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१२ मध्ये ट्युरिन सनद मंजूर केली. तिचा रोख असा, की शक्य तितके जपावे, आवश्यक तेवढेच बदलावे आणि बदललेले ओळखू येईल अशी नोंद ठेवावी. ही भूमिका मला मनापासून पटते. आपल्याकडे पूर्ण रंग खरवडून, सगळा क्रोम नव्याने चढवून, चामड्याच्या नव्या गाद्या घालून गाडी शोरूममधल्या गाडीहून चकचकीत करण्याची ओढ आहे. त्यात कामगाराच्या हाताच्या खुणा, पहिल्या मालकाने केलेली डागडुजी, सगळे जाते. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दरवर्षी दसऱ्याला बाहेर पडते आणि लोक ती बघायला थांबतात, कारण ती वापरातली गाडी आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून सत्तरच्या दशकापर्यंत ‘मीरा’ नावाच्या छोट्या गाडीचे एकामागून एक नमुने स्वतः घडवले. अशा गाडीला उद्या कोणी नवा चकचकीत रंग देऊन कडा सरळ केल्या, तर एका माणसाने मोठ्या कारखान्याशिवाय मोटार कशी घडवली याचा पुरावाच पुसला जाईल.

म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. सुट्या केलेल्या प्रत्येक भागाचा फोटो घ्यावा, कोणता बोल्ट कुठला ते डबीवर लिहावे, डॅशबोर्डखाली सापडलेल्या मूळ रंगाचा नमुना जपावा, नवा घातलेला पत्रा कुठून कुठपर्यंत आहे याचे रेखाटन काढावे. पुढचा मालक किंवा पुढची पिढी हीच गाडी पुन्हा उघडेल तेव्हा तिला हे लागेल.

आणि गाडी निवडायची वेळ आली, तर माझा क्रम असा आहे. हातात कला नसेल तर कागद पक्के असलेली सीजे-३बी. वेल्डिंगचा हात बसला की हेराल्ड. पद्मिनी तिसरी, तीही सिल ठणठणीत असतील तर. एमजीच्या टी मालिकेतली एखादी चासी आणि इंजिन क्रमांकांसह, कुजलेल्या चौकटीची, पण पूर्ण भागांची कुठे मिळत असेल, तर आलापल्लीच्या आगारापासून काही किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने ती सोडू नये. एमजीबी मात्र नवी बॉडी मागवण्याची ऐपत नसेल तर घेऊ नये, कितीही सुंदर दिसो.